वादळ-पुरासाठी साठवलेला शिधा: कोणता किती दिवस पुरतो आणि कशात उणा पडतो

आगोट भरणं कोकणाला नवं नाही. मे संपायच्या आत तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, कांदे घरात येऊन पडतात. आता त्याला बिस्किटांचे पुडे, नूडल्स आणि 'इमर्जन्सी रेशन' म्हणून विकले जाणारे बार यांची जोड मिळाली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावर ठेवलेलं सामान भिजून गेलं. अशा वेळी पोट कशानेही भरता येतं. मात्र एकच शिधा सलग खात राहिलं तर शरीरातलं काय कितव्या दिवशी संपतं, हे आधी ठाऊक असेल तर साठवण बदलता येते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

शरीराच्या कोठारात काय किती दिवस पुरतं

सगळ्यात आधी पाणी. मे-जूनच्या दमट उकाड्यात प्यायला पाणी नसेल तर दोन-तीन दिवसांत जीव धोक्यात येतो. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज ४ लिटर धरा. हातपाय धुणं, भांडी यांचं पाणी वेगळं.

यकृतातला साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपतो. पुढे चरबी जळते आणि तिच्यासोबत स्नायूही झिजतात, कारण प्रथिनांना शरीरात राखीव कोठार नसतं. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून २५ ते ३० मिलिग्रॅम असतं. आहारातून ते अजिबात मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत संपतं. क जीवनसत्त्व पूर्ण बंद झालं की एक ते तीन महिन्यांत स्कर्वीची लक्षणं दिसू लागतात: हिरड्यांतून रक्त, अंगावर निळसर डाग, जखम न भरणं. अ आणि ब-१२ यांचे साठे निरोगी प्रौढात कित्येक महिने, ब-१२ चा तर काही वर्षं टिकतो. आठ-पंधरा दिवसांच्या संकटात त्यांची काळजी करत बसू नका. लोहाचं तसं नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे तिचं कोठार पहिल्या दिवशीही रिकामंच असतं.

यावरून साठवणीचा क्रम ठरतो. पहिल्या तीन दिवसांसाठी पाणी आणि ऊर्जा पाहा. तीन आठवड्यांपर्यंत प्रथिनं आणि थायमिन सांभाळा. त्यापुढे जायची वेळ आली तर क जीवनसत्त्वाची सोय हवीच, आणि ती सोय पहिल्याच आठवड्यात सुरू करावी लागते.

रेशन बार कशासाठी असतात

हे बार मुळात जहाजावरच्या जीवरक्षक बोटींसाठी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा बोटीत माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे जवळपास २,४०० कॅलरींचं अन्न लागतं. पाणी लाइफबोटीत माणशी ३ लिटर आणि फुगवायच्या राफ्टमध्ये दीड लिटर. हा आकडा माणशी एकूण आहे, रोजचा नव्हे. मदत येईपर्यंत माणूस तगावा, इतकाच त्यामागचा हिशेब.

बारमध्ये बहुतेक गव्हाचं पीठ, वनस्पती तेल आणि साखर असते. प्रथिनं मुद्दाम कमी ठेवतात, कारण प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया लघवीवाटे टाकायला पाणी लागतं आणि बोटीवर तेच नसतं. मीठही कमी असतं, म्हणजे तहान वाढत नाही. रोज १०० ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट पोटात गेलं की स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवणं शरीर बरंच कमी करतं. बार नेमकं तेवढं काम करतो आणि चोख करतो.

बाजारात मिळणारं ३,६०० कॅलरींचं पाकीट तीन दिवसांचं, म्हणजे रोज १,२०० कॅलरींचं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११० आणि स्त्रीला १,६६० कॅलरी सांगितल्या आहेत. मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला २,७१०. वादळानंतर पडलेली माडं-पोफळी तोडणं, कौलं चढवणं, गाळ उपसणं हे तर मध्यमपेक्षाही जड काम. म्हणजे बारवर राहून गाळ उपसणारा माणूस निम्म्याहून कमी खाऊन राबतो. त्यात चोथा जवळजवळ नसतो आणि पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे बद्धकोष्ठही होतं.

बार दोन ठिकाणी ठेवा: मासेमारीच्या होडीवर आणि घर सोडावं लागलं तर उचलायच्या पिशवीत. माणशी एक पाकीट पुरे. दहा पाकिटं घेऊन महिन्याची सोय झाली असं समजू नका. अमेरिकी सैन्याची तयार जेवणाची पाकिटं बारपेक्षा कितीतरी भरगच्च असतात, तरी तीसुद्धा सलग २१ दिवसांहून जास्त एकमेव अन्न म्हणून देऊ नयेत असा दंडक आहे.

ग्लुकोज बिस्किटांचं गणित असंच आहे. १०० ग्रॅमला ४५० च्या आसपास कॅलरी आणि साडेसहा-सात ग्रॅम प्रथिनं. २,११० कॅलरींसाठी पावणेपाचशे ग्रॅम बिस्किटं खाल्ली तरी प्रथिनं ३०-३२ ग्रॅमच मिळतात. गरज पुरुषाला ५४ आणि स्त्रीला ४६ ग्रॅमची. नूडल्सच्या पाकिटावर सोडियमची ओळ वाचा. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे आणि मसाल्यासकट दोन-तीन पाकिटांत ती सहज गाठली जाते. पाणी कमी असताना नूडल्सचा मसाला अर्धाच घाला.

एका माणसाचा एका दिवसाचा शिधा

हे प्रमाण घरच्याच जिनसांचं आहे:

- उकडा तांदूळ २५० ग्रॅम
- पोहे ७५ ग्रॅम
- अख्खी कडधान्यं (कुळीथ, मूग, मटकी, चवळी) ७५ ग्रॅम
- फुटाणे ४० ग्रॅम
- शेंगदाणे ४० ग्रॅम
- गूळ ४० ग्रॅम
- तेल २५ ग्रॅम

बेरीज साधारण २,१०० कॅलरी आणि ५७ ग्रॅम प्रथिनं. चार माणसांना चौदा दिवसांसाठी तांदूळ १४ किलो, पोहे आणि कडधान्यं प्रत्येकी सव्वाचार किलो, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ प्रत्येकी सव्वादोन किलो आणि तेल दीड लिटर लागेल. अंगमेहनत असेल तर माणशी ५० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम गूळ वाढवा. तेवढ्यात आणखी ४७५ कॅलरी येतात आणि चूलही पेटवावी लागत नाही.

तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि कडधान्यांत भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकाच दिवसात पोटात जायला हवीत. नुसत्या पेजेवर काढलेला दिवस काय देतो ते पाहा: ३५० ग्रॅम तांदूळ म्हणजे १,२०० कॅलरी आणि फक्त २४ ग्रॅम प्रथिनं. आजाऱ्याला एक-दोन दिवस ठीक, दोन आठवडे नाही.

या यादीत कॅल्शियम कमी आहे, रोजच्या १,००० पैकी ३३० मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसाची हाडं थोडे दिवस ते भरून काढतात. वाढत्या मुलांसाठी ५० ग्रॅम तांदळाऐवजी ५० ग्रॅम नाचणी घ्या, म्हणजे १७० मिलिग्रॅम वाढतं. मासे खाणाऱ्यांनी माणशी १५ ग्रॅम सुके बोंबील धरले तर २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. न खाणाऱ्यांना ३० ग्रॅम साय असलेली दुधाची पावडर तितकंच काम देते.

पहिले तीन दिवस चूल पेटेलच असं नाही, म्हणून पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ वेगळ्या डब्यात हाताशी ठेवा. पोहे प्यायच्याच पाण्यात भिजवायचे. फ्रिजमधलं वीज गेल्यावर चार तासांत संपवा, मग परसातलं ताजं, आणि डब्यातल्या कोरड्या जिनसांना सगळ्यात शेवटी हात लावा. लोक नेमकं उलट करतात, आधी बिस्किटं फोडतात आणि भाजी सडू देतात.

उकडा तांदूळ का, आणि पेजेचं पाणी का फेकू नये

भात न सडता उकडला की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं. पुढे गिरणीत कोंडा निघाला तरी ते बरंचसं दाण्यात राहतं. १०० ग्रॅम उकड्या तांदळात सुमारे ०.२१ मिलिग्रॅम, तर पांढऱ्या सुरय तांदळात ०.०६, म्हणजे तिपटीहून जास्त फरक. वरच्या यादीत उकडा तांदूळ धरला तर दिवसाचं थायमिन १.४ मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि प्रौढाची गरज तेवढीच आहे. त्यातलं काही शिजवताना जाणारच. सुरय तांदूळ घेतला तर सुरुवातच १.१ पासून होते. शेंगदाणे काढून टाकले तर आणखी घसरते, कारण या यादीत तांदळानंतर सगळ्यात जास्त थायमिन शेंगदाण्यांतूनच येतं.

ते कुठे-कुठे निसटतं, हे माहीत असायला हवं. थायमिन पाण्यात विरघळतं. तांदूळ चार-चार पाण्यांत चोळून धुतला, वर भात वेळून पेज ओतून दिली, तर कमावलेलं गटारात गेलं. एकदाच हलक्या हाताने धुवा. पेज भातासकट प्या; मीठ घातलेली पेज पाण्याच्या हिशेबातही धरता येते. गॅस वाचवायला कडधान्यात खायचा सोडा घालण्याची सवय असेल तर ती संकटात आवर्जून सोडा, कारण सोड्याने थायमिन आणि क जीवनसत्त्व दोन्ही नासतात. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, म्हणून सहा-आठ तास भिजवून ठेवा आणि भिजवलेल्या पाण्यातच शिजवा. जेवणावर लगेच कडक कोरा चहा नको. चहातलं टॅनिन थायमिन आणि लोह दोन्हींच्या आड येतं. तासभर जाऊ द्या.

जितकं पिष्ट आणि साखर जास्त, तितकं थायमिन जास्त खर्च होतं. नुसता पांढरा भात, बिस्किटं आणि गोड चहा हा म्हणून सगळ्यात वाईट मेळ आहे, आणि मदतीच्या पिशव्यांतून नेमका तोच येतो. लक्षणं अशी: पाय जड होणं, पोटऱ्या दुखणं, तळव्यांना मुंग्या, मग पावलांवर सूज आणि धाप. सूज आणि धाप दिसली की घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन आधीच कमी असतं, त्याला हे सगळ्यांत आधी होतं. अंगावर पाजणारी आई थायमिनने रिती असेल तर दोन ते चार महिन्यांच्या बाळाचा आवाज बसतो, ते दूध सोडतं आणि काही तासांत हृदय बंद पडू शकतं. अशा घरात ब-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या असाव्यात, आईला किती द्यायच्या ते आरोग्य उपकेंद्रात आधीच विचारून.

शिधा बदलला की रोगही कसा बदलतो, हे पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात दिसलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पांढरा पाव आणि मांस खाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी, म्हणजे थायमिनअभावी होणारा रोग झाला. आटा आणि डाळ खाणाऱ्या भारतीय सैनिकांना तो झाला नाही, पण भाजी नव्हती आणि घोड्याचं मांस त्यांनी दीर्घकाळ नाकारलं, त्यामुळे त्यांना स्कर्वी झाला. एकाच वेढ्यात दोन शिध्यांचे दोन वेगळे रोग. आपली आगोट भारतीय सैनिकांच्या शिध्यासारखी आहे. उकडा तांदूळ आणि कडधान्यं तिची थायमिनची बाजू सांभाळतात, क जीवनसत्त्वाची बाजू उघडीच राहते.

क जीवनसत्त्व: मोड कसे आणावेत

कोरड्या धान्यात, डाळीत, बिस्किटांत क जीवनसत्त्व नसल्यातच जमा. आमसुलं आणि आंबापोळीवरही त्यासाठी विसंबू नका. उन्हात वाळताना ते बरंचसं जातं. शिफारस पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅमची आहे, पण रोज १० मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्वी टळतो. तेवढं मोडांतून निघतं. यासाठी साठवण अख्ख्या कडधान्यांची हवी. डाळीला मोड येत नाहीत, आणि तूरडाळीवर सगळी भिस्त ठेवण्यातली मुख्य अडचण हीच आहे.

१. खरेदी करतानाच वीस दाणे भिजवून पाहा. दोन दिवसांत पंधरा-सोळा दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत. जुन्या मालाला मोड येत नाहीत, तो नुसता आंबतो.

२. माणशी ६० ग्रॅम मूग, मटकी किंवा चवळी उकळून गार केलेल्या पाण्यात ८ ते १० तास भिजवा. रायगडाकडे बिरड्याचे कडवे वाल घरात असतातच, तेही चालतात, मात्र ते सोलून नीट शिजवूनच खावेत.

३. पाणी ओतून टाका, एकदा खळबळा, सुती फडक्यात सैल बांधा आणि हवा लागेल असं टांगा. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हात फिरवा. पावसाळ्यात गाठोडं डब्यात कोंडून ठेवलं की बुळबुळीत होतं. आंबूस वास आला तर धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या.

४. मोड चोवीस तासांत दिसतात, पण क जीवनसत्त्व पुढचे दोन-तीन दिवस वाढत जातं. इवलासा मोड आला की लगेच उसळ टाकू नका. मोड एक-दोन सेंटिमीटर होऊ द्या. रोज एक नवं गाठोडं बांधलं की तिसऱ्या दिवसापासून रोज ताजे मोड मिळतात.

५. पुराच्या काळात मोड कच्चे खाऊ नका. ओल्या, उबदार फडक्यात जुलाबाचे जंतूही तितक्याच जोमाने वाढतात. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफवा, अंगचं पाणी फेकू नका आणि लगेच खा. वाफवल्यावर क जीवनसत्त्व निम्म्यापर्यंत घटतं. माणशी ६० ग्रॅम ते धरूनच सांगितलं आहे.

परसात शेवगा उभा असेल तर प्रश्न आणखी सोपा. १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात १०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, शिवाय अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. पेरू झाडावर असेल तर एकाच फळात दिवसाची गरज भागते. पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर उगवणारा टाकळा, कुर्डू, भारंगी हेही कामाचे, पण ओळखीचीच भाजी तोडा आणि पुराचं पाणी जिथून गेलं त्या जागेची घेऊ नका. अळू आमसूल किंवा चिंच घालून पूर्ण शिजवा, नाहीतर घसा खवखवतो.

गोळ्यांचा मार्गही आहे आणि स्वस्त आहे. ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळीचा चौथा भाग रोज माणशी पुरतो, म्हणजे १५ गोळ्यांची पट्टी चार जणांना पंधरा दिवस चालते. गोळी तपकिरी पडली की तिच्यातलं जीवनसत्त्व बरंच गेलेलं असतं.

सुकी मासळी, मीठ आणि शहाळी

सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. बांबूवर मीठ न लावता वाळवलेले बोंबील संकटासाठी सर्वांत चांगले. खारा बांगडा किंवा खारवलेली सुरमई पाणी भरपूर असेल तेव्हाच काढा. ती आधी भिजवावी लागते, खारं पाणी टाकावं लागतं आणि तरी तहान लावते. जवळा वाळूवर सुकवलेला असेल तर चाळून, धुऊन, भाजून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी मिळेल हे गृहीत धरू नका.

शहाळं चांगलंच, पण जुलाबात ते ओआरएसची जागा घेत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. जुलाबात शरीरातून सोडियम जातं. ओआरएसची पाकिटं माणशी चार ठेवा. संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, सपाट म्हणजे सपाट. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते अपायकारक ठरतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला पडलेल्या माडाची शहाळी प्यायला देऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. होडीवर अडकलेल्याने समुद्राचं पाणी घोटभरही पिऊ नये. त्यात साडेतीन टक्के क्षार असतात आणि आपलं मूत्रपिंड तितकी खारी लघवी बनवू शकत नाही, मग अंगातलंच पाणी खर्ची पडतं.

ज्यांचा हिशेब वेगळा आहे

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचं दूध. मदतीत आलेल्या दुधाच्या पावडरीने बाटली सुरू करणं पुराच्या पाण्यात फार धोक्याचं आहे. बाळाचा शिधा आईच्या ताटात वाढा: पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. ८० ग्रॅम शेंगदाणे आणि ४० ग्रॅम गुळात ते जमतं. गरोदर बाईला ३५० कॅलरी वाढवा आणि तिच्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घर सोडायच्या पिशवीत पहिल्यांदा टाका, कारण हा सगळा शिधा मिळूनही तिची लोहाची गरज भागवत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस पावसाळ्याआधी चुकला असेल तर घेऊन टाका.

मधुमेह्याला रेशन बार आणि बिस्किटं म्हणजे साखरच. त्याच्या डब्यात फुटाणे, शेंगदाणे, कुळथाचं पीठ जास्त आणि गूळ कमी ठेवा. थोडा गूळ मात्र हवाच: गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण मिळालं नाही, तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडतो.

पाच दिवसांहून जास्त उपाशी राहिलेला माणूस, भरकटलेल्या होडीवरचा किंवा अडकून पडलेला, सापडला तर त्याच्यापुढे भरलं ताट ठेवू नका. एकदम पिष्ट-साखर मिळाली की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं, उरलंसुरलं थायमिन संपतं आणि वाचलेला माणूस जेवणाने दगावू शकतो. घोटघोट ओआरएस, थोडी पातळ पेज आणि थेट रुग्णालय. तिथे गेल्यावर तो किती दिवस उपाशी होता हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. एरवी नुसतं सलाइन लावून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते.

साठवण

पत्र्याच्या छपराखालचा माळा पुरापासून सुरक्षित असला तरी मे महिन्यात तो तापतो, आणि उष्णतेने शेंगदाणे, तेल खवट होतात आणि जीवनसत्त्वं झडतात. पक्क्या स्लॅबखालची वरची खोली उत्तम. ती नसेल तर माळ्यावर फक्त तांदूळ, नाचणी, कुळीथ ठेवा. तेल, शेंगदाणे, गोळ्या, बार खाली सावलीत पण कमरेच्या वर, पूर येणार असं कळलं की उचलून नेता येतील अशा डब्यांत. साठा एकाच जागी नको.

धान्य मेच्या उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि जूनमध्ये बुरशी येते. बोरिक पावडर लावू नका. आणीबाणीत तांदूळ नीट धुवायला पाणी नसतं आणि ती पोटात जाते. शेंगदाणे शेंगांतच ठेवले तर जास्त टिकतात. बुरशीचा वास आलेले, सुरकुतलेले, हिरवट-काळपट दाणे टाकून द्या. त्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. नाचणी आणि कुळीथ दमट हवेत सगळ्यांत टिकाऊ. पोहे आणि फुटाणे दोन-तीन महिन्यांत मऊ पडतात, म्हणून गणपतीपर्यंत खाऊन संपवा आणि नवे भरा. बोंबील पावसात दर पंधरवड्याला उघडून पाहा, हाताला लवचीक लागले तर तव्यावर कोरडे करून घ्या.

पुराचं पाणी लागलेलं पोत्यातलं, कागदी किंवा पातळ प्लास्टिकमधलं काहीही वाळवून खाऊ नका, वरून कोरडं दिसलं तरी. झाकण फिरकीचं असेल तर त्या बरणीतलंही नको. आट्यांमध्ये घाण पाणी अडकतं. फक्त कारखान्यात बंद केलेला, न फुगलेला, न गंजलेला पत्र्याचा डबा वाचवता येतो. वरचा कागद काढा, साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून ठेवा, आत काय आहे ते खडूने लिहा आणि तो साठ्यात सगळ्यांत आधी वापरायच्या बाजूला ठेवा.